स्वस्त कार्डाची सरशी

२००७ सालच्या एप्रिल महिन्यात कॉम्प्युटरच्या बाजारात एक उफराटा प्रकार घडला. एनव्हीडिया कंपनीचं जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे ग्राफिक्स कार्ड तेव्हा घरगुती कार्डांमधलं सर्वांत दणकट म्हणून मिरवत होतं. बाजारात आलं तेव्हा किंमत ५९९ डॉलर, आणि लांबी एवढी की कित्येक कॅबिनेटांत ते मावत नसे. त्याच कंपनीने १७ एप्रिलला जीफोर्स ८६०० जीटी हे मधल्या फळीतलं कार्ड आणलं, दीडशे डॉलरच्या आसपासचं. गेम खेळायला बसलं तर हे धाकटं कार्ड थोरल्याच्या आसपासही फिरकत नव्हतं. पण ब्लू-रे डिस्कवरचा एच.२६४ पद्धतीने साठवलेला सिनेमा लावला की चित्र पालटे. धाकटं कार्ड असलेल्या मशीनचा प्रोसेसर निवांत असे आणि थोरलं कार्ड असलेल्या मशीनच्या प्रोसेसरला घाम फुटे.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कार्ड घ्यायला जाणारा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचा, ‘किती एमबीचं आहे?’ जरा जाणकार असला तर गेममध्ये किती फ्रेम मिळतात ते विचारायचा. व्हिडिओच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बिनकामाची होती. ती का, हे कळायला सिनेमा डिस्कवर कसा बसवतात ते आधी पाहावं लागेल.

हाय डेफिनिशनची पूर्ण चौकट १९२० बाय १०८० ठिपक्यांची, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलची. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची आणि रंगाची माहिती दर चार पिक्सेलना मिळून एकदाच ठेवायची, अशी काटकसर करूनही एका फ्रेमला ३१ लाखांहून जास्त बाइट लागतात. सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे ७५ एमबी. या हिशेबाने २५ जीबीची ब्लू-रे डिस्क साडेपाच मिनिटांत संपेल, म्हणजे नामावलीतच. दोन-अडीच तासांचा सिनेमा त्यात बसतो तो कॉम्प्रेशनमुळे.

या कॉम्प्रेशनचे मुख्य पाय दोन. पहिला असा, की लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये फारसा फरक नसतो. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा बॉलबरोबर उजवीकडे सरकतो तेव्हा मैदान, साइटस्क्रीन, प्रेक्षक सगळे तेच असतात, फक्त डावीकडे सरकलेले. मग फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनापुढे लिहून ठेवायचं, की आधीच्या फ्रेममधला अमुक तुकडा एवढा सरकवून इथे लाव. या चौकोनाला मॅक्रोब्लॉक म्हणतात आणि दाखवताना तुकडे सरकवून लावण्याच्या कामाला मोशन कॉम्पेन्सेशन. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, साडेसदुसष्ट येतात. म्हणून प्रत्यक्षात १०८८ ओळी साठवतात आणि दाखवताना खालच्या आठ कापून टाकतात. तरी प्रत्येक फ्रेमला ८,१६० मॅक्रोब्लॉक झाले. डीव्हीडीच्या फ्रेममध्ये ते १,६२० असत.

दुसरा पाय गणिताचा, आणि तो एका बेंगळुरूच्या माणसाने बसवलेला आहे. तुकडे सरकवून जे नेमकं जुळत नाही, तो उरलेला फरक पिक्सेल-पिक्सेल न साठवता कमी-जास्त बारकाव्याच्या नक्षींच्या बेरजेत लिहायचा. डोळ्याला न जाणवणारी बारीक नक्षी मग बिनधास्त गाळता येते. यासाठी वापरलेलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी, नासिर अहमद यांना सुचलं. जन्म १९४० चा, बेंगळुरूचा. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक होते. या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. कल्पना फारच सोपी आहे अशा शेऱ्यावर प्रस्ताव परत आला. अहमद यांनी तरीही काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. जेपीईजी फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, केबलची डिजिटल पेटी, सगळ्यांच्या पोटात तेच गणित किंवा त्याचं भावंड आहे. अनुदानाच्या कागदावर ‘फारच सोपं’ लिहिणाऱ्याला तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

या दोन्ही पायऱ्या झाल्यावर जे आकडे उरतात ते आणखी आवळून बिटांच्या एका लांबलचक ओळीत गुंफले जातात. पाहणाऱ्याच्या मशीनला हे सगळं उलट क्रमाने करायचं असतं. आधी बिटांची ओळ उलगडायची, मग डीसीटी उलटं फिरवायचं, मग तुकडे सरकवून जागेवर लावायचे, मग उजेड-निळेपणा-लालपणा असला हिशेब लाल-हिरव्या-निळ्यात आणून पडद्याच्या मापाला ताणायचं. सेकंदाला २४ वेळा, न चुकता.

ग्राफिक्स कार्डाने हे काम शेवटाकडून सुरुवातीकडे येत उचललं. सगळ्यांत आधी, १९९०च्या दशकाच्या मध्यात, रंग बदलणं आणि चित्र ताणणं एवढंच कार्डाकडे आलं. याला ओव्हरले म्हणत. प्लेअर आपल्या खिडकीत एकच ठरावीक रंग भरून ठेवायचा आणि कार्ड मॉनिटरकडे सिग्नल पाठवताना त्या रंगाच्या जागी व्हिडिओ घुसवायचं. म्हणजे विंडोजच्या लेखी तिथे सिनेमा नव्हताच, नुसता रंग होता. ज्यांनी त्या काळी चालू सिनेमाचा स्क्रीनशॉट काढला त्यांना हाती काळा चौकोन लागल्याचं आठवत असेल. गंमत पुढे होती. तो काळा चौकोन पेंटमध्ये चिकटवला आणि प्लेअर मागे चालूच ठेवला, तर पेंटमधल्या चित्रात सिनेमा हलताना दिसे. रंग जुळला की कार्ड व्हिडिओ घुसवणार. ती खिडकी कुणाची, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

मग डीव्हीडी आली. जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस, अमेरिकेत १९९७ मध्ये. तेव्हाच्या पेंटियमला तिचा एमपीईजी-२ व्हिडिओ एकट्याने झेपत नव्हता, म्हणून क्रिएटिव्ह, सिग्मा डिझाइन्स अशा कंपन्यांची निव्वळ डीव्हीडी उलगडणारी वेगळी कार्डं विकली जात. भारतात याची झळ फारशी लागली नाही, कारण इथे व्हीसीडीचं राज्य होतं. ३५२ बाय २८८ चं ते चित्र साधासुधा प्रोसेसरही चालवायचा. तिकडे मात्र ग्राफिक्स चिप बनवणाऱ्यांनी वेगळ्या कार्डाचं काम पोटात घ्यायला सुरुवात केली. कॅनडाच्या एटीआय कंपनीने रेज प्रो चिपमध्ये मोशन कॉम्पेन्सेशन आणलं आणि पुढच्या रेज १२८ मध्ये उलटं डीसीटीही. मायक्रोसॉफ्टने डीएक्सव्हीए नावाची सामाईक व्यवस्था आणली, म्हणजे कुठलाही प्लेअर कुठल्याही कार्डाला एकाच पद्धतीने काम सांगू शकेल. लिनक्सवर एक्सव्हीएमसी होतं, फक्त एमपीईजी-२ पुरतं.

बिटांची ओळ उलगडण्याचं काम मात्र प्रोसेसरकडेच राहिलं. डीव्हीडीला ते परवडत होतं. तिचा व्हिडिओ सेकंदाला दहा मेगाबिटच्याही आतच. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेलं एचडी टीव्हीचं प्रक्षेपणही एमपीईजी-२ मध्येच होतं आणि एका चॅनेलला १९.३९ मेगाबिट मिळत. टीव्ही ट्यूनर कार्ड लावून ते कॉम्प्युटरवर पाहणारे हौशी लोक याच अर्ध्या मदतीवर वेळ निभावून नेत.

एचडी सिनेमाचं पहिलं खरं दुखणं वेगळ्या वाटेने आलं. जून २००३ मध्ये ‘टर्मिनेटर २’ ची एक खास डीव्हीडी निघाली. तिच्यात एक ज्यादा डिस्क होती आणि तिच्यावर पूर्ण सिनेमा मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएमव्ही ९ पद्धतीने एचडीत भरला होता. साध्या डीव्हीडी ड्राइव्हमधून एचडी, ही तेव्हा नवलाई होती. पण १०८० ओळींच्या अशा व्हिडिओसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस ३ गिगाहर्ट्झ प्रोसेसरची होती आणि त्या वर्षी ३ गिगाहर्ट्झ म्हणजे दुकानातली वरची फळी. एनव्हीडियाने एप्रिल २००४ मध्ये जीफोर्स ६८०० आणलं तेव्हा त्यात व्हिडिओसाठी स्वतंत्र प्रोसेसर असल्याचा गाजावाजा झाला. या व्हिडिओच्या सोयीला पुढे प्युअरव्हिडिओ हे नाव मिळालं. ड्रायव्हर यायला महिने गेले, आणि आले तेव्हा उघड झालं की मूळ ६८०० चिपमधला डब्ल्यूएमव्ही ९ ला मदत करणारा भाग चालतच नाही. नंतर आलेल्या, स्वस्त ६६०० मध्ये तो चालत होता. सर्वांत महाग कार्ड घेणाऱ्यांचाच पोपट होण्याची ही पहिली खेप, आणि पुढच्या तीन वर्षांत बाजाराने त्यावरून काही धडा घेतल्याचं दिसत नाही.

मे २००३ मध्ये एच.२६४ हे नवं मानक मंजूर झालं होतं. एमपीईजी-२ च्या जवळपास निम्म्या बिटांत तेवढंच चांगलं चित्र देणारं. ही काटकसर फुकटात होत नाही. तुकडा आता पाव पिक्सेल एवढ्या बारकाईने सरकवता येतो आणि मधल्या किमती काढायला शेजारचे सहा-सहा पिक्सेल घेऊन गणित करावं लागतं. चौकोनाचेही तुकडे पडतात, थेट ४ बाय ४ पर्यंत. आधीची एकच फ्रेम पाहायची नसते, अनेक फ्रेम हाताशी ठेवाव्या लागतात. शेवटी चौकोनांच्या कडा पुसून काढणारा गाळणीचा टप्पा, आणि गाळलेली फ्रेमच पुढच्या फ्रेमचा आधार होते, म्हणून तो वगळताही येत नाही. एक गोष्ट मात्र सोपी झाली. एमपीईजी-२ च्या डीसीटीत अपूर्णांक येत आणि वेगवेगळ्या चिप ते किंचित वेगवेगळे काढत. तो फरक फ्रेमगणिक साचत जाई. एच.२६४ ने सगळं गणित पूर्णांकात आणलं, त्यामुळे बरोबर उत्तर एकच उरलं.

पण सगळ्यांत जड काम होतं बिटांची ओळ उलगडण्याचं. एच.२६४ ची कॅबॅक नावाची पद्धत प्रत्येक बिट उलगडताना त्याआधी काय काय निघालं यावरून पुढचा अंदाज बदलत जाते. बँकेच्या पासबुकात प्रत्येक ओळीची शिल्लक आधीच्या ओळीवर अवलंबून असते; पाचशेव्या ओळीची शिल्लक काढायला शंभर कारकून बसवले तरी ४९९ ओळी क्रमानेच उतरवाव्या लागतात. ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद अशा शंभर कारकुनांची आहे. ८८०० जीटीएक्सकडे १२८ गणनयंत्रं होती आणि कॅबॅकपुढे ती सगळी हातावर हात ठेवून बसली. म्हणून हा भार पडे तो मशीनच्या मुख्य प्रोसेसरवर. २००६ मध्ये एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे एकापाठोपाठ बाजारात आल्या. ब्लू-रेवर व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा होती, म्हणजे उलगडायची ओळ डीव्हीडीच्या चौपटीपर्यंत लांब आणि प्रत्येक बिटाला कष्ट कितीतरी जास्त.

मधल्या काळात एटीआयने ऑक्टोबर २००५ मध्ये रेडिऑन एक्स१००० मालिकेसोबत एव्हिव्हो ही व्हिडिओची यंत्रणा आणली. एच.२६४ ची मदत डिसेंबरमधल्या ड्रायव्हरमधून मिळाली. यात बरीचशी भिस्त कार्डाच्या त्याच सर्वसाधारण गणनयंत्रांवर होती, म्हणून सुरुवातीला पायऱ्या ठरवून दिल्या होत्या: एक्स१८०० ला १०८० ओळींपर्यंत, एक्स१६०० ला ७२० आणि स्वस्त एक्स१३०० ला ४८०. इथे पैसे मोजले तसं फळ होतं. महाग कार्ड म्हणजे चांगला व्हिडिओ हा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसला तो बहुधा इथूनच, आणि दीड वर्षात तो शिळाही झाला.

कारण २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. गणनयंत्रांना राबवण्याऐवजी चिपच्या एका कोपऱ्यात फक्त व्हिडिओसाठी स्वतंत्र सर्किट कोरलं. त्याला दुसरं काहीच येत नाही. पण कॅबॅकची ओळ सरळ उलगडत जाणं, नेमकं तेवढंच, ते फार कमी विजेत करतं. जीफोर्स ८६०० आणि ८५०० मध्ये एच.२६४ चं काम पहिल्या बिटापासून शेवटच्या पिक्सेलपर्यंत कार्डावर आलं, शिवाय डिस्कवरचं एन्क्रिप्शन सोडवण्याचंही. ब्लू-रेवरच्या दुसऱ्या एका पद्धतीची, व्हीसी-१ ची, बिटं उलगडणं मात्र प्रोसेसरकडेच राहिलं. ८८०० जीटीएक्सची चिप नोव्हेंबर २००६ ची, म्हणजे पाचच महिने थोरली, आणि तिच्यात जुनंच व्हिडिओ सर्किट होतं. ज्याने एवढं महाग कार्ड घेतलं त्याचा प्रोसेसरही तगडाच असणार, असं समर्थन तेव्हा ऐकू येई. ते खोटं नव्हतं, पण ५९९ डॉलर मोजलेल्याचं समाधान त्याने कसं व्हावं?

एटीआय तोवर एएमडीच्या ताब्यात गेली होती. तिच्याकडे तर हा प्रकार आणखी ठळक झाला. मे २००७ मध्ये आलेलं रेडिऑन एचडी २९०० एक्सटी हे घरातलं मोठं कार्ड, ७० कोटी ट्रान्झिस्टरचं. नावात ‘एचडी’, आणि एचडी उलगडणारं यूव्हीडी हे नवं सर्किट मात्र त्यात नाहीच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! जूनच्या अखेरीस आलेल्या एचडी २४०० आणि २६०० मध्ये ते होतं, आणि एच.२६४ व व्हीसी-१ दोन्ही पूर्ण उलगडणारं होतं. एचडी २४०० प्रो शंभर डॉलरच्या बरंच आत मिळे, ट्रान्झिस्टर १८ कोटी. पंखा नसलेली, नुसत्या हीटसिंकवर चालणारी अशी कार्डंही निघाली. टीव्हीशेजारी ठेवायच्या आवाज न करणाऱ्या कॉम्प्युटरसाठी लोकांनी ती शोधून शोधून घेतली.

अशा सर्किटाला एक खोड असते: त्याला आखून दिलेल्या चौकटीबाहेर जाता येत नाही. इंटरनेटवरून सिनेमे उतरवून पाहणाऱ्या मंडळींना ही खोड चांगलीच भोवली. एच.२६४ मध्ये क्षमतेच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत, आणि ही सर्किटं बेतली होती ब्लू-रेसाठी ठरलेल्या ४.१ या पातळीवर. या पातळीत आधाराच्या फ्रेम साठवायला एकूण ३२,७६८ मॅक्रोब्लॉकची जागा मिळते. एका पूर्ण एचडी फ्रेमचे ८,१६० मॅक्रोब्लॉक, म्हणजे भागाकार केला तर जेमतेम चार फ्रेम. ७२० ओळींच्या व्हिडिओत फ्रेमचे ३,६०० मॅक्रोब्लॉक, तिथे नऊ फ्रेम बसतात. आता कुणी हौशी माणूस फाइल लहान व्हावी म्हणून १०८० ओळींच्या व्हिडिओला आधाराच्या सहा-आठ फ्रेम देऊन बसला, की प्रोसेसरवर ती फाइल नीट चालायची आणि कार्डावर चालवली की पडद्यावर हिरवे-राखाडी चौकोन नाचायचे, किंवा प्लेअर निमूटपणे काम पुन्हा प्रोसेसरकडे सोपवायचा. लोक ड्रायव्हर बदलत, प्लेअर बदलत, मॉनिटरच्या केबलला शिव्या घालत. दोष त्या भागाकारात होता. पुढे जाणत्या मंडळींनी ‘१०८० ला चारच फ्रेम’ हा दंडक पाळायला सुरुवात केली.

त्यानंतरचा प्रवास भराभर झाला. ऑक्टोबर २००७ च्या ८८०० जीटीमध्ये नवं सर्किट आलं आणि थोरल्या फळीची अब्रू वाचली. लिनक्ससाठी एनव्हीडियाने नोव्हेंबर २००८ मध्ये व्हीडीपीएयू ही डीएक्सव्हीएसारखी व्यवस्था दिली. त्याच वर्षी इंटेलने मदरबोर्डवरच्याच जी४५ चिपमध्ये पूर्ण एचडी उलगडायची सोय केली, तेव्हा फक्त सिनेमासाठी वेगळं कार्ड घेण्याची गरजच संपत आली. इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर असलेल्या चिमुकल्या नेटबुकांवर एचडी चालवणं अशक्य मानलं जाई. २००९ मध्ये त्यांना एनव्हीडियाच्या आयन चिपची जोड मिळाली आणि तेही जमलं. यूट्यूबच्या खिडकीत मात्र हे सर्किट जून २०१० पर्यंत बहुतेकांच्या उपयोगी पडलं नाही, कारण अ‍ॅडोबीच्या फ्लॅश प्लेअरने हार्डवेअरची मदत घ्यायला १०.१ ही आवृत्ती यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनने दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या.

आता हे सर्किट खिशातल्या फोनमध्येही असतं आणि त्याच्यावाचून सिनेमा पाहताना बॅटरी बरीच लवकर उतरेल. तरी २००७ चा घोळ अधूनमधून नव्याने होतोच. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये एव्ही१ ही नवी पद्धत उलगडायची सोय नव्हती; २०२० च्या त्याच मालिकेतल्या थोरल्या कार्डांत होती. या खेपेला फसला तो स्वस्त कार्ड घेणारा.

नवं किंवा जुनं कार्ड घेणार असाल तर जीबी आणि गेममधल्या फ्रेम विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: एच.२६४ च्या पुढची एच.२६५ आणि एव्ही१ यांपैकी काय काय ते स्वतः उलगडतं? घरच्या मशीनवर तपासणं तर त्याहून सोपं. विंडोज १० किंवा ११ वर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा आणि एखादा व्हिडिओ लावा. ‘थ्रीडी’ आणि ‘व्हिडिओ डीकोड’ असे दोन वेगळे आलेख दिसतील. व्हिडिओ चालू असताना दुसरा आलेख शून्यावर पडून असेल, तर तुमचा सिनेमा अजून प्रोसेसरच ओढतो आहे.